निम्मीकाकूंनी शववाहिका थांबवली

आमच्या गल्लीत सध्या असं बोललं जातं की निम्मीकाकूंनी भर रस्त्यात मेलेल्या नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं आणि गाडीच्या नाकावर घातलं. सकाळी दूधवाल्याकडून ऐकलं तेव्हा ते साधं पांघरूण होतं. दुपारी न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत त्याची लोकरी शाल झाली. संध्याकाळी जिन्यात ऐकलं, तर काकूंनी वर "तुम्हाला आता कसली आलीय थंडी" असंही मिस्त्रींना सुनावलं होतं. जिने हे सांगितलं तिने म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या वेळी ती दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसली होती, पण ते असो.

खरं इतकंच की तो कोट होता. कोट मिस्त्रींचाच, गॅरेजमधला, कोपरांवर ठिगळं लावलेला. पण तो काकूंच्या अंगावर होता. तो त्यांनी उतरवला आणि उणे अठरा अंशांत तासभर नुसत्या स्वेटरवर उभ्या राहिल्या. मिस्त्रींच्या पांघरुणाला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

निम्मीकाकूंचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण ते बहुधा त्यांनाही आठवून सांगावं लागेल. छत्तीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत आल्या. मिस्त्री म्हणजे दारातून वाकून आत यावं लागणारा, कमी बोलणारा गडी. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. पण मोजमाप म्हटलं की त्याचं सगळं अंदाजपंचे. रेडिएटरमधलं पाणी थंडीत गोठू नये म्हणून त्यात एक हिरवं औषध घालतात, अँटीफ्रीझ. त्याला गॅरेजमध्ये सगळे नुसतं 'हिरवं' म्हणत. ते मिस्त्री डोळ्यांनी मापून ओतायचे. काकूंच्या संसाराच्या पहिल्याच हिवाळ्यात पाववाल्याच्या गाडीतलं पाणी गोठलं, फुगलं, आणि इंजिन कडेपासून कडेपर्यंत तडकलं. पाववाला रडला. मिस्त्री दोन दिवस जेवले नाहीत.

काकूंचं माहेर औषधांच्या दुकानाचं. लहानपणापासून खोकल्याचं औषध काचेच्या मापाने ओतून देण्यात त्यांचा हात बसलेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या हातातून हिरव्याचा डबा काढून घेतला तो कायमचा. निम्मं पाणी, निम्मं हिरवं, रेघेवर रेघ. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या तेच सांगायच्या, "निम्मं-निम्मं." नाव तिथून पडलं.

पहिली काही वर्षं लोक त्यांना जुमानत नसत. "मिस्त्रींना बोलवा हो," असं म्हणत. मग गाडीखालून मिस्त्रींचा आवाज यायचा, "बोलावलंत तरी मी तिलाच विचारणार आहे."

धाकटा दीर तर त्यांच्यावर रुसलाच होता. कचेरीतला साहेब माणूस, नवी कोरी गाडी. "वहिनी, घरच्या माणसाच्या गाडीत तरी पाणी नका घालू. नुसतं हिरवंच ओता की, जास्त ताकद येईल." काकूंनी बरणीत नुसतं हिरवं आणि बाटलीत निम्मं-निम्मं असं दोन्ही रात्रभर अंगणात ठेवलं. सकाळी बरणीतल्या हिरव्याची घट्ट खीर झाली होती आणि बाटलीतलं खळखळ वाजत होतं. काकूंनी दोन्ही भांडी दिराच्या कचेरीत नेऊन टेबलावर ठेवली, चारचौघांत. त्यानंतर तो त्यांच्या गाडीविद्येबद्दल बरीच वर्षं काही बोलला नाही.

हिरव्याचा वास गोडसर आणि चवही गोड. मिस्त्रींना बोट बुडवून चाखून बघायची खोड होती, जुन्या मिस्त्र्यांना असते तशी. ती काकूंनी मोडली. एकदा फरशीवर सांडलेलं थोडंसं गल्लीतल्या मांजरीने चाटलं आणि दुसऱ्या दिवशी ती भिंतीशी ताठ होऊन पडलेली सापडली. तेव्हापासून सांडलं की काकू आधी फरशी धुणार, मग बाकीचं जग. आणि दर वर्षी पानगळ सुरू झाली की हातात काचेची नळी घेऊन त्या गल्लीभर फिरणार. रेडिएटरमधलं थोडं पाणी नळीत ओढायचं, आत रंगीत गोळ्या असतात. जितक्या गोळ्या तरंगतील तितकी थंडी गाडी सोसेल. लोक म्हणायचे, काकू गाड्यांची नाडी बघतात. पण घरासमोर गाडी उभी करून नाडी दाखवायला सगळे यायचे, चेष्टा करणारेसुद्धा.

या वर्षी त्या फिरल्या नाहीत. वसंतात मिस्त्रींचं छातीचं दुखणं निघालं. गॅरेजचं शटर आधी निम्मं खाली आलं, मग पूर्ण. गल्लीकडच्या खिडकीशी खाट लावली, म्हणजे त्यांना निदान जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या ऐकता येतील. दिवसभर ते पडून आवाज ओळखायचे. "पोस्टाची गाडी. बेल्ट सैल झालाय." काकू म्हणायच्या, "असू द्या, पत्रं येताहेत ना." हसले की त्यांना खोकला यायचा, म्हणून काकूंनी हळूहळू विनोद करणं सोडलं.

शेवटच्या महिन्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. इथे माणूस गेला आणि स्मशान बंद असलं की त्याला इस्पितळाच्या शीतघरात ठेवतात. मिस्त्री म्हणाले, "मला त्या शीतघरात ठेवू नकोस. जन्मभर गार फरशीवर पाठ टेकून काम केलंय. आता पुरे."

"नाही ठेवणार," काकू म्हणाल्या.

शनिवारी पहाटे मिस्त्री गेले. शनिवारी स्मशानाचं फाटक चारला बंद होतं आणि ते एकदम सोमवारी उघडतं. डॉक्टर दाखला घेऊन येईतो दीड वाजला. शववाहिका दारात लागली तेव्हा दोन वाजून गेले होते. स्मशान चौदा किलोमीटरवर, शेवटचे चार चढाचे. वेळ होता. काकूंनी मनात हिशेब केला आणि मिस्त्रींचा कोट अंगावर चढवून त्या पुढे, चालकाशेजारी बसल्या. मागे काचेपलीकडे मिस्त्री. त्यामागे दिराची गाडी, आणि तिच्या मागे गल्लीतल्या पाच-सहा गाड्या.

शववाहिकेच्या चालकाला सगळे 'सावकाश' म्हणतात. वीस वर्षांत त्याने कुणाला धक्का म्हणून बसू दिलेला नाही. आतला माणूस जागा होऊ नये अशा बेताने चालवतो, असं मिस्त्रीच म्हणायचे. त्याची गाडीही वीस वर्षं मिस्त्रींच्याच हाताखालची. आज त्याचे डोळे सुजलेले होते आणि तो काकूंकडे बघत नव्हता.

आठ किलोमीटर गेल्यावर काकूंच्या पायांना गार वारं लागायला लागलं. त्यांनी हीटरच्या जाळीवर तळवा धरला. बर्फासारखी हवा. मग त्यांची नजर इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे गेली. काटा लाल पट्ट्यात शिरत होता.

"सावकाश, काटा बघ."

"बघतोय काकू. काटाच बिघडलाय." त्याने काचेवर टिचकी मारली. "बाहेर उणे अठरा आहे. एवढ्या थंडीत इंजिन तापेल कसं?"

"हीटर गार आणि काटा लाल. गाडी कडेला घे."

"सहाच किलोमीटर राहिलेत. एवढा चढ काढून देतो, मग..."

"कडेला घे म्हटलं ना!"

त्याने गाडी कडेला घेतली, आणि घेतो न घेतो तोच बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ भसाभसा बाहेर पडली. आजूबाजूच्या झाडांवर बर्फ, रस्त्याकडेच्या नाल्यात बर्फ, आणि मधोमध उकळती शववाहिका. मागच्या सगळ्या गाड्या एकापाठोपाठ थांबल्या. काचा खाली झाल्या, माना बाहेर आल्या.

गंमत अशी की असं होतं ते थंडीमुळेच. रेडिएटर गाडीच्या अगदी पुढे, वाऱ्याच्या तोंडी. त्यातल्या पाण्याचा बर्फाळ चिखल झाला की इंजिनातलं गरम पाणी तिकडे जाऊन निवू शकत नाही. आतल्या आत फिरतं आणि उकळतं. गाडी एका टोकाला गोठते आणि दुसऱ्या टोकाला पेटते. हे काकूंना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांना कळत नव्हतं ते वेगळंच. या गाडीत असं झालंच कसं?

सावकाश खाली उतरून बॉनेट उघडून झाकणाला हात घालणार, तोच काकूंनी त्याची बाही धरली.

"तोंड भाजून घ्यायचंय? निवू दे आधी." मग त्या वाफेत वाकल्या. नाक पुढे करून एक श्वास घेतला, दुसरा घेतला. "याला वास नाही."

"कसला वास?"

"हिरव्याचा. गोडसर येतो. ही नुसती चहाच्या आधणाची वाफ आहे. साधं पाणी कधी घातलंस?"

सावकाशने खाली बघितलं. "उन्हाळ्यात. पाइपाची एक क्लिप सैल झालीय, थोडंथोडं गळतं. बाटलीभर घालायचो."

"किती वेळा?"

"दर आठवड्याला."

"म्हणजे आत हिरवं आता औषधालाही उरलेलं नाही."

"हिवाळ्याआधी बदलून घेणारच होतो काकू."

"मग आणली का नाहीस गाडी? मी होते ना घरात. दोन मिनिटांचं काम. आमचं दार काय बंद होतं तुला?"

तोवर दीर मफलर सावरत आला. "वहिनी, काय भानगड आहे? अडीच वाजलेत. हे बघा, माझ्या ओळखीचा एक टेम्पोवाला आहे, फर्निचर वाहतो. अर्ध्या तासात येईल."

"भावजी, तुमचा भाऊ सोफा आहे का?"

काकू अजून सावकाशकडेच बघत होत्या. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"आणणार कशी होतो काकू? मिस्त्री खिडकीशी पडलेले. तीनदा कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलो. आजारी माणसाच्या दारात ही गाडी उभी करू? त्यांनी नुसता आवाज ऐकला असता तरी ओळखली असती. त्यांना काय वाटलं असतं? आणि गल्लीने बघितली असती तर तासाभरात फुलं घेऊन आले असते लोक." त्याने टोपी पुन्हा काढली. "दुसऱ्या गॅरेजात नेली असती, पण वीस वर्षांत कधी नेली नाही. त्यांना कळलं असतं तर तेही बरं दिसलं नसतं."

काकूंना मिस्त्रींचा खिडकीशी टेकलेला चेहरा आठवत होता. उन्हाळ्यात त्यांनी दोनदा विचारलं होतं, "सावकाश नाही ना आला? क्लिप बदलायची होती त्याची." तिसऱ्यांदा विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "गेला असेल दुसरीकडे. बरोबर आहे, किती दिवस वाट बघणार." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. हे काकूंनी सावकाशला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. आम्हाला ठाऊक आहे कारण भिंती पातळ आहेत.

मग त्यांनी कोट उतरवला. बॉनेट लावून घेतलं, कोट त्यावर पसरला, बाह्या दोन्ही बाजूंनी खाली खोचल्या. दिराच्या गाडीतली पायपुसणी मागवली आणि ती पुढच्या जाळीला उभी लावली.

"आता?" दीर म्हणाला.

"आता काही नाही. इंजिनाची ऊब आत कोंडायची. ती पुढचा बर्फ वितळवेल. थांबायचं."

"नुसतं थांबायचं?"

"तुम्हाला हलायचं असेल तर हात चोळा."

रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या शववाहिका बघून हळू व्हायच्या आणि कोट घातलेलं बॉनेट बघून आणखी हळू. मागच्या गाड्यांमधले आपले लोक आधी काचेआडून बघत होते. मग एकेक उतरले आणि उगाचच पाय आपटत उभे राहिले. कुणीतरी काकूंना शाल देऊ केली. काकूंनी ती घेतली आणि तीही बॉनेटवर टाकली. अफवेतली शाल आली ती इथून.

त्या मागच्या काचेशी गेल्या. काचेवर आतून धुकं धरलं होतं. बाहेरून तळव्याने पुसून काही उपयोग नव्हता, तरी त्यांनी पुसलं. मिस्त्रींचे पाय तेवढे अंधुक दिसत होते, जाड पांघरुणाखाली, नेहमीसारखे बाहेरच्या बाजूला वळलेले. गाडीखालून बाहेर दिसायचे तसेच. छत्तीस वर्षांत त्यांच्याशी निम्मी बोलणी या पायांशीच झाली असतील. काकूंचे ओठ हलले, पण काय म्हणाल्या ते कुणालाच ऐकू गेलं नाही, दात काढायला गेलेलीलाही नाही.

तीनला पाच कमी असताना दीर पुन्हा आला. या वेळी आवाज खाली होता. "वहिनी, हट्ट सोडा. हे काही वेळेत होत नाही. आपण त्याला परत नेऊ. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, सोमवारी नीट करू सगळं."

"कुठे ठेवायचं दोन दिवस?"

"तिथेच, शीतघरात. अहो, त्याला आता काय कळतंय?"

"मला कळतंय."

दिराने नाक ओढलं, गळ्यातला मफलर काढला आणि काकूंच्या खांद्यांवर टाकला. तो त्यांनी बॉनेटवर टाकला नाही.

तीन वाजता काकूंनी सावकाशला गाडी सुरू करायला लावली. दोन मिनिटं. बंद. पुन्हा वाट. दहा मिनिटांनी पुन्हा दोन मिनिटं. प्रत्येक वेळी त्या बॉनेट जरासं उचलून हात आत घालायच्या आणि रेडिएटरच्या खालच्या पाइपाला बोटं लावायच्या. गार. पुन्हा गार. बोटं इतकी बधिर झाली होती की शेवटी त्यांनी मनगटाची आतली बाजू लावून बघितली, बाळाच्या दुधाची बाटली बघतात तशी.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी खालचा पाइप कोमट लागला. म्हणजे बर्फ सुटला होता, पाणी फिरायला लागलं होतं. काकूंनी गाडी बंद करवली. झाकणावर फडकं टाकलं आणि पाव वळसा फिरवून थांबल्या. फुस्स करून दाब गेला. मग पूर्ण उघडलं. आत पाणी खोल गेलेलं. सावकाशला खाली घालून त्यांनी तळचा स्क्रू सैल करवला आणि बरंचसं फिकं पाणी बादलीत काढलं. ती बादली त्याच्या गाडीत असतेच, फुलांसाठी. दिराच्या डिकीत काकूंनीच कालवून दिलेला निम्म्या-निम्म्याचा मोठा कॅन होता. तो अख्खा ओतला. सैल क्लिप सावकाशने नाण्याने फिरवून आवळली. काकूंनी बॉनेट लावून कोट पुन्हा त्यावर घट्ट खोचला.

"बस," काकू म्हणाल्या. "आणि आज तुझं नाव विसर."

पण तो कसला विसरतोय. चढावर तो तसाच चालला, एकेका वळणावर श्वास धरून. काट्याकडे दोघंही बघत होते. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. हीटरमधून ऊब यायला लागली. आधी काकूंच्या पायांना, मग गुडघ्यांना. मागून दिराने हॉर्न दिला. शववाहिकेला मागून हॉर्न मारण्याचा प्रकार या गावात प्रथमच घडत असावा. दुसऱ्यांदा दिला तेव्हा सावकाशने गिअर बदलला आणि आयुष्यात पहिल्यांदा वेगाने गाडी चालवली. मागे मिस्त्री थोडे हलले. काकूंनी काचेवर हात ठेवला आणि वरपर्यंत तो तसाच ठेवला.

फाटकाशी पोचले तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. रखवालदार हातात कुलूप घेऊन उभा होता. त्याने घड्याळ बघितलं, मग गाडीच्या नाकावर बाह्या खोचून बसवलेला कोट बघितला. त्याने नुसता रस्ता दिला.

बाकीचं सगळं नेहमीसारखंच झालं, थोडक्यात. थंडीत कुणी लांबवत नाही. मिस्त्रींना निरोप देताना गल्लीतला एकही माणूस बोलला नाही, आणि आमच्या गल्लीसाठी ही साधी गोष्ट नव्हे. काकू रडल्या त्या तेव्हाच, एकदाच, आवाज न करता. दिराने त्यांचा दंड धरला होता. तोही रडत होता आणि मफलर नसल्याने त्याला तोंड कशात लपवावं ते कळत नव्हतं.

लोक पांगले. सावकाश गाडीजवळच उभा होता, मिस्त्रींचा कोट घडी करून दोन्ही हातांवर धरून. काकू आल्या तसा त्याने तो पुढे केला.

"काकू," तो म्हणाला, "क्लिप मी कुठूनतरी बदलून घेईन. ही गाडी पुन्हा तुमच्या दाराशी आणणार नाही. तुम्हाला ती नजरेसमोर नको."

काकूंनी कोट घातला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"सोमवारी सकाळी घेऊन ये. अगदी दारासमोर लाव. आता घरात आजारी कुणी नाही."